अपडेट बंद नकोत, टप्प्याटप्प्याने हवेत

संपादक महोदय,

एखाद्या अपडेटमुळे संगणक बंद पडल्याची बातमी आली की ‘ऑटोमॅटिक अपडेट बंदच ठेवा’ असा सल्ला लगेच फिरू लागतो. तो कृपया कोणी ऐकू नये. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा ‘वॉनाक्राय’ हा घातक प्रोग्राम विंडोजच्या ज्या त्रुटीतून पसरला, तिच्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, १४ मार्च २०१७ रोजीच आला होता. हल्ला झाला १२ मे रोजी. पॅच टाकायला दोन महिने हाताशी होते.

१९ जुलै २०२४ रोजी घडले ते वेगळे. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला नव्या धोक्यांची माहिती देणारी एक छोटी फाइल आली. तिच्यात २१ रकान्यांची अपेक्षा होती, प्रोग्राम मात्र २०च पुरवत होता. आधीच्या फाइलींत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असे लिहिलेले असल्याने दोष चाचणीत सापडलाच नाही. त्या दिवशी तिथे प्रथमच नेमकी अट आली, प्रोग्रामने मेमरीत नको तिथे हात घातला, आणि तो कर्नेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातच, चालत असल्याने अख्खे विंडोज कोसळले. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन निळ्या स्क्रीनवर गेली होती.

सर्वांत गंभीर गोष्ट पुढेच आहे. ‘आम्हाला एक आवृत्ती मागेच ठेवा’ असे सेटिंग अनेक ग्राहकांनी काळजीपूर्वक केले होते. ते फक्त मुख्य प्रोग्रामला लागू होते, या फाइलींना नाही. सावध राहणाऱ्यालाही वाचायला वाट नव्हती. कंपनीने ती फाइल आधी शंभरात एका मशीनवर सोडून तासभर पाहिले असते, तरी नुकसान तिथेच थांबले असते.

दुरुस्ती सोपी होती: सेफ मोडमध्ये (विंडोज किमान सोयींसह सुरू करून) जाऊन ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल काढायची. पण बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) असलेल्या मशीनवर आधी ४८ अंकी रिकव्हरी की लागते, आणि काही ठिकाणी त्या की ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तोही बंद पडला होता. म्हणून रिकव्हरी की वेगळ्या जागी, नेटवर्कबाहेर ठेवा. बॅकअपचेही तसेच, तो महिन्याकाठी एकदा रिकाम्या मशीनवर परत उतरवून पाहावा, नुसता ‘यशस्वी’ हा संदेश पुरेसा नाही.

घरच्या वापरकर्त्याने अपडेट चालूच ठेवावेत. जिथे शेकडो मशीन आहेत तिथे आधी आयटी विभागाची मोजकी मशीन, दुसऱ्या दिवशी एक विभाग आणि मग उरलेली, असा क्रम लावावा. प्रत्यक्ष हल्ले सुरू झालेल्या त्रुटीचा पॅच मात्र त्याच दिवशी टाकावा.

आणि सॉफ्टवेअरचा करार करताना विक्रेत्याकडून लेखी घ्यावे: कर्नेलमध्ये तुमचे काय चालते, कोणत्या फाइली आमच्या सेटिंगला न जुमानता येतात, आणि त्या मागे कशा घेता येतात. उत्तर टाळणाऱ्याला काम देऊ नये.

— संगणक यंत्रणा सांभाळणारा एक वाचक