एमएच बारा बघितलं की कपाळाला आठ्या

संपादक साहेब, नमस्कार.

मोबाईलवर एका बोटाने टाईप करतोय तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. सुट्ट्या संपल्या की वाचकांच्या पत्रात एक पत्र हमखास असतंच, की आमच्या गावाकडे एमएच १२ वाल्यांनी, म्हणजे पुण्याच्या गाड्यांनी, कसा धुमाकूळ घातला, नाहीतर मुंबईवाल्यांना घाटात गाडी चालवता येत नाही, नाहीतर गावाकडच्या लोकांना लेन म्हणजे काय तेच माहिती नाही. सगळी वाचतो मी, आणि प्रत्येकाचं थोडं थोडं पटतं, म्हणूनच हे लिहायला बसलो. मी एसटीत ३० वर्षं ड्रायव्हर होतो, २०२१ ला बार्शीतून रिटायर झालो. पण लागलो होतो १९९१ ला कुडाळला, कारण आमच्या सोलापूर, बीड, लातूरकडची पोरं भरतीत कोकणात लागायची आणि मग वर्षानुवर्षं बदलीच्या अर्जावर अर्ज. मला कुडाळातून पुण्याला यायला २००३ उजाडलं, आणि पुण्यातून बार्शीला २००९. त्यामुळे मी सगळीकडचा आहे आणि सगळीकडे परका पण राहिलोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की नंबरप्लेट बघून माणूस ओळखू नका. माणूस सगळीकडे सारखाच हाय, पण प्रत्येक भागातल्या रस्त्याची एक वेगळी बोली असते, हॉर्नची वेगळी, डिपरची, म्हणजे समोरच्याला लाईट मारायची वेगळी, इंडिकेटरची वेगळी, आणि ती कुठल्याही आरटीओत शिकवत नाहीत.

कुडाळला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच मला कळलं की मला गाडी चालवता येत नाही. आमच्याकडं रस्ता म्हणजे सरळ, चार मैलावरची बाभळ दिसते, समोरून काय येतंय ते दिसतंय तर हॉर्न कशाला वाजवायचा. तिकडे माणगाव खोऱ्यात शिरलं की एका बाजूला जांभ्याची कापलेली दरड, दुसऱ्या बाजूला वहाळ, आणि वळणापलीकडं काय आहे ते देवालाच माहिती. मी गप चाललेलो तर कंडक्टर ओरडला, हॉर्न वाजवा ओ, मुके काय तुम्ही. तिथं हॉर्न म्हणजे शिवी नाही, मी येतोय एवढा निरोप आहे. पलीकडून पण उत्तर येतं, मग जो आधी रुंद जागेवर असेल तो थांबतो. आणि कोण थांबलं यावर कुणी मनाला लावून घेत नाही. पुढं तर मला हॉर्नवरून कळायचं की समोर टेंपो आहे का आपलीच दुसरी गाडी.

आणि तिथला वेगच वेगळा. मुक्कामाची गाडी सकाळी सव्वासहाला सुटायची म्हणजे सव्वासहाला सुटायची नाही. वाडीवरून कुणीतरी हाक मारणार, ओ ड्रायव्हर, वायच रवा, आजी येता हा. मग आजी येणार, तिच्यामागे आजीची पिशवी घेऊन नातू, मग पिशवीत राहिलेलं काहीतरी आणायला नातू परत जाणार. सुरवातीला माझा जीव वरखाली व्हायचा, लॉगशीटवर उशीर लागतोय म्हणून. नंतर मीच इंजिन बंद करून खाली उतरून तंबाखू मळायला लागलो. लोक आळशी म्हणतात त्यांना, मला तसं वाटत नाही, ज्या रस्त्यावर पुढचं वळण दिसत नाही तिथं घाई करून उपयोगच नसतो आणि हे तिथल्या माणसाच्या हाडात गेलेलं असतं.

ह्याच्या उलट आमच्याकडं. बार्शीत माणूस चहाच्या टपरीवर दोन तास बसेल, कुठं जायची घाई म्हणून नाही. पण तोच माणूस मोटरसायकलवर बसला की ऐंशीच्या खाली येत नाही, का तर रस्ता मोकळा आहे म्हणून! बाकी कारण नाही. घरी जाऊन परत बसायचंच आहे त्याला. एसटी फलाटावर लागायच्या आधी खिडकीतून टोपी, रुमाल, एकदा तर एका बाईने लेकरू आत सरकवलं जागा धरायला, आणि जागा मिळाली की मग गाडी अर्धा तास सुटली नाही तरी कुणाची तक्रार नाही.

आणि उसाचा सीझन. ऑक्टोबर नोव्हेंबरात कारखाने पेटले की मार्चपर्यंत रात्री सोलापूर, पंढरपूर, कुठल्याही रस्त्याला निघा, ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूला हातभर बाहेर आलेला, आणि ड्रायव्हरने गाणी एवढी मोठ्यांदा लावलेली की तुम्ही हॉर्न वाजवा नाहीतर तोफ उडवा. आमची माणसं ट्रॉलीचा अंदाज घेतात कशावरून तर रस्त्यावर सांडलेल्या पाचटावरून, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्यावरून. पाचट दिसलं की पुढं ट्रॉली आहे, पाय काढायचा. आता हे ठाण्याच्या माणसाला कोण सांगणार, तो लाईट पाडून मस्त शंभरने येतो आणि अंधारातून एकदम उसाची भिंत समोर. ह्यात चूक मात्र आमचीच आहे, त्यात मी काही लपवाछपवी करत नाही. एक लाल रेडियम पट्टी लावायला किती पैसे लागतात?

मुंबईत मी कुडाळ डेपोची रातराणी घेऊन जायचो, पहाटे पनवेल सोडलं की छातीत धडधड. नंतर सवय झाली आणि खरं सांगतो, शिस्त मुंबईत सगळ्यात जास्त बघितली. तिथं सगळ्यांना घाई आहे कारण ८.१२ ची लोकल म्हणजे ८.१२ ची, ती आजीसाठी थांबत नाही. पण घाई असून वेग नाही, जागाच नाही वेगाला. टॅक्सीवाला अर्धी वीत जागेत बोनेट घालणार, तुम्ही घालू देणार, तो एक हात वर करणार, संपलं. तिथं गाडी घुसवलेली चालते पण आडवी लावलेली चालत नाही, दहा सेकंद आडवा राहिला तर मागचे पन्नास जण एकदम सुरू होतात. हॉर्न मात्र विनाकारण, सिग्नल लाल असताना पण. म्हणूनच २०२० ला मुंबई पोलिसांनी तो सिग्नल लावला होता, हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद परत पहिल्यापासून सुरू. वाजवा अजून! मला तर फार आवडलं होतं ते.

पुण्याबद्दल काय लिहू, जावयाचा भाऊ पुण्यात असतो. स्वारगेटमधून गाडी बाहेर काढणं म्हणजे मुंग्यांच्या वारुळातून बैल काढायचा. डावीकडून दुचाकी, उजवीकडून दुचाकी, समोरून नो एंट्रीतून दुचाकी, आणि त्यावरची तोंडाला ओढणी बांधलेली ताई आपल्यालाच विचारते, दिसत नाही का काका. पण एक आहे, पुण्यात भांडण पूर्ण वाक्यात होतं. आमच्याकडं एका शब्दात उरकतात. सम तारखेला या बाजूला आणि विषम तारखेला त्या बाजूला गाडी लावायचा नियम पेठेतला माणूस पाळतो, सकाळी कॅलेंडर बघून स्कूटर हलवतो, मी डोळ्यांनी बघितलंय. आणि तोच माणूस हेल्मेटसक्ती आली की मोर्च्यात. २०१९ च्या जानेवारीत सक्ती झाली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पुण्याचा वेग दुचाकीचा वेग आहे, वाट दिसेल तिथून जायचं, आणि असा हात बसलेला माणूस चारचाकी घेतो तेव्हा ती पण तशीच चालवतो. म्हणून घाटात एमएच १२ बघितलं की तिकडचे लोक कपाळाला आठ्या घालतात.

आता मूळ गोष्ट सांगतो ज्यामुळे पत्र लिहितोय. गेल्या दिवाळीत लेक, जावई, नातू आणि आम्ही दोघं जावयाच्या गाडीतून मालवणला निघालो. गाडी ठाण्याची, एमएच ०४. जावई चांगला चालवतो, पट्टा लावतो, मोबाईलवर बोलत नाही. कोल्हापूर, राधानगरी करत फोंडा घाटात आलो, आम्ही उतरत होतो आणि खालून चिऱ्याने भरलेला ट्रक चढत होता, पहिल्या गिअरमध्ये, घोगरा आवाज करत. मी म्हटलं पाहुणे, इथं रुंद आहे, थांबा, त्याला येऊ द्या. तो म्हणाला मामा बसतं की, आणि ट्रकला डिपर दिला. आता ठाण्यात डिपर म्हणजे मी येतोय, थांब. घाटातल्या ट्रकवाल्याला वाटलं हा ये म्हणतोय. दोघं पण आले. बरोबर अरुंद ठिकाणी नाकाला नाक. भरलेला ट्रक चढणीला एकदा थांबला की परत उचलत नाही, क्लच जळायचा वास यायला लागला, क्लीनरने उडी मारून चाकामागे दगड लावला. आमच्या मागे चार गाड्या, त्याच्या मागे आपली लालपरी. चाळीस मिनिटं लागली निस्तरायला, शेवटी मागच्या गाड्यावाल्यांना हातापाया पडून मागं घेतलं आणि जावयाची गाडी मी स्वतः रिव्हर्स घेतली.

जावयाला म्हटलं चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, उतरणाऱ्याने थांबायचं. तो म्हणाला हा तुमचा एसटीवाल्यांचा नियम असेल. साहेब, हा एसटीचा नियम नाही, कायद्याचा आहे, १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत लिहिलेला, २०१७ ला नवीन नियम आले त्यात पण आहे. पण लायसन काढताना मैदानात आठचा आकडा काढला की झालं, घाट कोण विचारतो. त्याला बिचाऱ्याला तरी कुठून माहिती असणार, ठाण्यात सिग्नलला कोण चढतंय आणि कोण उतरतंय?

गंमत म्हणजे परत येताना आम्ही चढत होतो आणि वरून येणारी एक गाडी लांबूनच आम्हाला बघून बाजूला होऊन थांबली, लाईट पण बारीक केले. जावई म्हणाला मामा, नंबर बघा. एमएच १२.

डिपरचं तर असं आहे की पुतण्या इंग्लंडात असतो, तो सांगत होता तिकडं डिपर दिला म्हणजे तुम्ही आधी जा. इकडं येऊन तो पहिल्याच दिवशी डिपर बघून निघाला पुढं आणि ट्रकखाली जाता जाता वाचला. आणि लांब कशाला, सोलापूर रोडला पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर त्याचे दोन अर्थ आहेत. जुना ट्रकवाला म्हणतो रस्ता मोकळा आहे, काढ गाडी. नवीन शहरातला ड्रायव्हर म्हणतो मी उजवीकडं वळतोय. मोहोळच्या अलीकडं एकदा मी ओव्हरटेकला निघालो आणि पुढचा खरंच पेट्रोल पंपाकडं वळला, चाळीस प्रवासी होते मागं. अंगावर काटा येतो अजून. त्या दिवसापासून मी इंडिकेटर बघणं सोडलं, ट्रकचं पुढचं चाक बघतो.

पूर्वी हे सगळं ज्याच्या त्याच्या मुलखात होतं म्हणून चालून गेलं. आता समृद्धी झाली, ७०१ किलोमीटर, १२० चा वेग, त्यावर नागपूरचा, बुलढाण्याचा, नाशिकचा, मुंबईचा सगळे एकाच पट्टीत, आणि प्रत्येकजण आपल्या गावची बोली बोलतोय. एक्स्प्रेस वेवर तर उजव्या लेनचा सातबारा आपल्या नावावर असल्यासारखे ऐंशीने चालणारे आहेत, त्यांना वाटतं आपण सावकाश चाललोय म्हणजे आपण सुरक्षित, आणि मागचा डावीकडून काढतो. दोघंही आपापल्या गावात बरोबर आहेत ओ.

आणि घाई माणसाच्या स्वभावातच असते हे तर मला अजिबात पटत नाही. आषाढीत पंढरपूरच्या रस्त्याला दिंडी लागली की हेच सगळे, एमएच १२, १३, ०४, ०९, तासनतास दिंडीच्या मागं पायी चालल्यासारखे चालतात, हॉर्नला हात लावत नाहीत, काही तर काच खाली करून टाळ ऐकतात.

तर साहेब, लायसनच्या परीक्षेचं सरकार काय करायचं ते करेल, त्यांना माझ्यासारखे खूपजण लिहीत असतील. तुम्हाला एक विनंती आहे. दरवर्षी गणपतीच्या आधी कोकणात जाणाऱ्यांसाठी तुम्ही पुरवणी काढता, त्यात घाटात कोणी थांबायचं, अरुंद पुलावर डिपरचा अर्थ काय, आणि पाचट दिसलं की काय करायचं, एवढा एक चौकोन छापा. मोदकाच्या रेसिपीशेजारी छापला तरी चालेल, ते पान बायका कापून ठेवतात.

आपला,
एक रिटायर एसटी ड्रायव्हर,
ता. बार्शी, जि. सोलापूर