सुलू, तुलाच सांगते

नाशिक,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुलू,

दिवाळीला तुझा फोन घेतला नाही, संक्रांतीला नुसता तिळगुळाचा फोटो पुढे ढकलला, म्हणून रागावली असशील. रागाव. मीसुद्धा लॉकडाउनपासून धरून ठेवलेला एक राग या पत्रात काढणार आहे, म्हणजे फिट्टंफाट होईल. तब्येतीचं म्हणशील तर थायरॉइडची गोळी चालू, गुडघा कुरकुरतो, बीपी ठीक. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्यांना सगळं लख्ख दिसतं, हीच पंचाईत.

परवा मंदाताईंच्या नातीला द्यायला म्हणून मुक्ताचं जुनं दप्तर माळ्यावरून काढलं. आतल्या कप्प्यात बिस्किटांची, वेफर्सची, पाच-पाच रुपयांच्या चॉकलेटची रिकामी पाकिटं. बरीच. प्रत्येकाची चौकोनी घडी आणि वरून रबर. ती घडी कुणाची, हे जगात एक तूच ओळखशील. होस्टेलवर माझ्या गादीखाली तुला सापडलं होतं तेव्हा तू कुणाला बोलली नाहीस. बेसनाच्या लाडवांचा आळ मात्र माझ्यावर येऊ दिलास, ते लाडू तूच संपवले होतेस, हे मी विसरलेले नाही.

मुक्ताची बारावी. प्रिलिम झाली, कॉलेज बंद, क्लासही संपला. पोरगी दिवसभर खोलीत, पुस्तकं आणि मोबाइल. म्हणजे पुन्हा तेच, सुलू. सातवीत होती तेव्हाही अशीच बसली होती, समोर स्क्रीन आणि पाठीमागे भिंत. ती पाकिटं पाहिली आणि मला २०२० चं आमचं स्वयंपाकघर आठवलं.

२४ मार्चला रात्री आठ वाजता ते भाषण झालं आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. हे तसेच चप्पल घालून चक्का आणायला पळाले, मिळाला तेवढा सगळा घेऊन आले. पाहुणे कोण येणार होते? मग ते श्रीखंड. मग द्राक्षं. पिंपळगाव, दिंडोरीकडचा माल अडकला होता, यांचे मित्र क्रेटच्या क्रेट दारात आणून ठेवायचे आणि पैसे मागायला लाजायचे. फेकवत नाही, मग खा. एप्रिलमध्ये सासूबाईंनी कुरडया काढल्या. गरम चीक, तूप आणि मीठ घालून. गच्चीवर वाळवणं राखायला मी, हेही एक विनोदच.

पण खरी गोष्ट पदार्थांची नाही. शाळेत माझं खाणं घंटेवर चालायचं. मधली सुट्टी झाली की डबा, सुटली की झाकण बंद. स्टाफरूममध्ये दहा डोळे, त्यामुळे हातही आवरलेला. सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर फेऱ्या, तिथल्या बायका एक दिवस गेलं नाही तर विचारायच्या. हे सगळं एका रात्रीत गेलं. ऑनलाइन तास डायनिंग टेबलावर, फ्रीज चार पावलांवर. कॅमेरा बंद करून ‘मुलांनो, आकृती काढा’ म्हटलं की मी उठलेच.

त्यात घरात सगळे चोवीस तास, म्हणून दिवसा चोरून खायची सोय नाही. मग ते रात्रीवर गेलं. स्टीलच्या डब्याचं झाकण न वाजवता उघडणं ही कला आहे, त्याला शासकीय पुरस्कार हवा. जागरणाने भूक आणखी वाढते, हे तर मीच मुलांना शिकवते. झोप कमी झाली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं कळवणारं लेप्टिन घटतं. शिकवायचं दुपारी आणि प्रात्यक्षिक रात्री एक वाजता.

वर हे रोज पेपर मोठ्याने वाचायचे. लठ्ठ लोकांना कोरोना जास्त बाधतो, बघ. इंग्लंडचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन अतिदक्षता विभागातून परत आले आणि जुलैत म्हणाले की आपण फार जाड होतो. तर हे म्हणे, पंतप्रधानसुद्धा कबूल करतात. मी म्हटलं, मग मलाही डाउनिंग स्ट्रीटला नेऊन ठेवा, स्वयंपाकी असेल तिथे. हसले, पण धास्ती बसली ती बसलीच. आणि मी धास्तावले की काय करते, ते तुला माहीत आहे.

आता तुझ्यावरचा राग. त्याच महिन्यात तुझा मेसेज आला होता, ‘उलट चांगलं आहे की नीला, घरीच आहेस, वेळच वेळ आहे, मनावर घे.’ खाली सूर्यनमस्काराचा फोटो. शाळेत माझ्याबरोबर जिलाही ‘डबल डेकर’ म्हणायचे, तिने हे लिहावं? मी दिवाळीपर्यंत तुझ्याशी धड बोलले नाही आणि कारणही सांगितलं नाही. मान्य, तुझं वजन उतरलं. हॉटेलं बंद, घरचं जेवण, सकाळचा प्रवास नाही. असं बऱ्याच जणांचं झालं. माझं नेमकं त्या ‘वेळच वेळ’मुळेच फिसकटलं. मी एकटी नव्हते, हे मी नंतर शोधून वाचलं. टेक्सासमध्ये लठ्ठपणाच्या दवाखान्यातल्या १२३ जणांना त्याच वर्षी विचारलं होतं. शंभरातल्या सुमारे ७० जणांना वजन कमी करणं आणखी अवघड झालं होतं, ६१ जण ताणापायी खात होते, निम्म्यांनी घरात साठा केला होता. चक्का धरला का त्यात, कोण जाणे. ही सगळी उपचार घेणारी माणसं बरं का, मनावर घेतलेलीच.

इटलीत व्हेरोनाच्या मुलांचंही वाचलं. लठ्ठ असलेली ४१ मुलं, लॉकडाउनला जेमतेम तीन आठवडे झालेले. स्क्रीनसमोरचा वेळ दिवसाला जवळजवळ पाच तासांनी वाढला, वेफर्स आणि गोड पेयं वाढली. ते वाचताना मुक्ता शेजारीच बसली होती, मी पान पालटलं.

तेव्हाची एक रात्र तुला सांगितलेली नाही. मी ओट्यापाशी उभी राहून श्रीखंड खात होते आणि मुक्ता पाणी प्यायला आली. काही बोलली नाही. दुसरा चमचा घेतला आणि आम्ही दोघींनी वाडगा संपवला. मला फार बरं वाटलं होतं. तू म्हणशील, तूच लावलीस सवय. म्हण. पण त्या अख्ख्या वर्षात माझ्या ताटाकडे न बघता माझ्याबरोबर खाणारं ते एकच माणूस होतं.

आता घरात काय चाललंय ते ऐक. यांनी डिजिटल वजनकाटा आणलाय आणि दर रविवारी मुक्ताला त्यावर उभं करतात. जिमवाल्याकडून डाएटचा तक्ता आणलाय, तो फ्रीजवर चिकटवलाय. नव्या डोळ्यांच्या सासूबाई पोळ्या मोजतात, तेही मोठ्याने. हेतू सगळ्यांचा चांगला. पण मोजायला लागल्यावर खाणं कमी होत नाही, ते दप्तरात जातं. अमेरिकेत मिनेसोटाला १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. प्रयोगाला स्वतःहून आलेली, निश्चयाची माणसं. तीसुद्धा पाककृतींची पुस्तकं वाचत बसली आणि नंतर मोकळीक मिळाली तेव्हा पोट भरलं तरी त्यांचं खाणं थांबेना. यांना हे सांगितलं, तर म्हणाले, मुक्ता काय उपाशी आहे? उपाशी नाही हो, पण रोज एक पोळी कमी घेऊन उठते आणि तिच्या अंगाची चर्चा ताटावर होते, हे यांना कसं समजावू?

आज मी काट्याचे सेल काढून रिमोटमध्ये घातले. दप्तर पुन्हा माळ्यावर ठेवलं, मंदाताईंच्या नातीला नवीन घेतलं. मुक्ताला काहीच बोलले नाही. बोलले तर ती पाकिटं ठेवायला दुसरी जागा शोधेल. नाही बोलले तर तिला वाटेल, असं करणारी जगात आपणच एक. परीक्षा तोंडावर आली आहे. समुपदेशकाकडे न्यायला हे तयार होतील, पण ‘वजनासाठी’ म्हणून, आणि त्या नावाने ती येणार नाही.

तुझं काय गं? बदलीचं झालं का? ओंकारची नोकरी टिकली ना? काकूंना नमस्कार सांग, सांगलीला उन्हाळ्यात येईनच, असं दरवर्षी लिहिते तसं.

एक काम कर. मुक्ताला फोन कर, तुझ्याशी ती बोलते. संध्याकाळी पाचनंतर कर, सासूबाई तेव्हा देवळात असतात. वजनाचं काढू नकोस, अभ्यासाचंही नको. होस्टेलच्या गप्पा काढ आणि माझ्या गादीखालचं सांगून टाक. माझी परवानगी आहे. लाडवांचं मात्र खरं सांगायचं.

तुझी,
नीला

ता. क. भडंग पाठव, चांगलं दोन किलो. टेबलावर उघडं ठेवणार आहे, ज्याला हवं त्याने घ्यावं, न मोजता. सासूबाईंचं काय ते मी बघते.