आजीच्या लुगड्याचा रंग

बर्लिन, सोमवार रात्र

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

काल आईनं फोनवर विचारलं, सुट्टीचं काय पाहिलंस, तर मी नुसतं "टेकडी" म्हणून मोकळी झाले. पण दिवसभर तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले.

ही टेकडी फ्रीड्रिक्सहाइनच्या बागेत आहे. वर गर्द झाडी, पळायला आलेली माणसं, बाबागाड्या. आत मात्र काँक्रीट. युद्धात इथे विमानविरोधी तोफांचा बुरूज होता, आणि बॉम्बपासून वाचावीत म्हणून संग्रहालयातली चित्रं त्यातच आणून ठेवली होती. बॉम्बमधून ती वाचलीही. मे 1945 मध्ये, शहर पडल्यावर, बुरुजात आगी लागल्या आणि चारशेहून जास्त चित्रं गेली. पुढे बुरूज सुरुंगानं उडवला, त्यावर पडक्या घरांचा राडारोडा टाकला. त्याचीच ही टेकडी.

त्या चित्रांत एक मुलगी होती. फिलिदे मेलांद्रोनी. काराव्हाज्जो ह्या इटालियन चित्रकारानं तिला रंगवलं ते 1597-99 च्या सुमारास, तेव्हा तिला विशीही लागली नव्हती. बाबा, चित्र तसं लहानच, 66 बाय 53 सेंटीमीटर. मागे काळोख, बाजूनं आलेला उजेड चेहऱ्यावर, आणि छातीशी धरलेली जाईसारखी फुलं. ती रोममधली गणिका. (आई, नाक मुरडू नकोस, प्रशियाच्या राजानं 1815 मध्ये हे चित्र विकत घेतलं होतं.) 1614 च्या मृत्युपत्रात तिनं ह्या चित्राची आठवणीनं नोंद केली, ते तिच्या प्रियकराला, ज्यूलिओ स्ट्रोत्सीला, द्यावं म्हणून. चार वर्षांनी ती गेली, सदतिसाव्या वर्षी.

माद्रिदच्या चित्रात संत कॅथरीन होऊन बसलेली आणि रोमच्या चित्रात बायबलच्या कथेतली जूडिथ होऊन तलवार चालवणारी, ती हीच, असं जाणकार मानतात. तिथे ती रंगांत आहे. पण जिथे ती स्वतः म्हणून बसली होती, त्या चित्राचे काळे-पांढरे फोटोच उरलेत. कुणीकुणी ते संगणकावर रंगवलेत, पण तो सगळा अंदाज. फुलं पांढरी, एवढं तर मीही सांगेन. पोशाखाचं काय?

तिथल्या बाकावर बसले आणि आपल्या बैठकीतला आजीचा फोटो आठवला. आई म्हणते लुगडं डाळिंबी होतं, बाबा म्हणतात वांगी. दर दिवाळीला तोच वाद, आणि आम्ही हसायचो.

तेव्हा एक करा. फोटो चौकटीतून काढा आणि मागे पेन्सिलनं लिहून ठेवा. एकमत होत नसेल तर दोन्ही रंग लिहा, आपापल्या नावानिशी. आत्यालाही फोन करून विचारा, ती तिसराच सांगेल. आणि आई, माझ्या बारशाच्या फोटोत तू नेसलेली साडी कुठली, तेही लिही. ती मी आजवर विचारलीच नाही.

तुमची,
धाकटी