मामा तलावांची कामे ३१ मार्चच्या आत कशी होणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिल्हा वार्षिक योजनेच्या बैठकीची बातमी आली की कोणत्या तालुक्याला किती कोटी मिळाले यावर चर्चा रंगते. तो पैसा कोणत्या महिन्यात कामावर पोचतो, हे मात्र कोणी विचारत नाही. पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी, म्हणजेच 'मामा' तलावांचे घोडे नेमके तिथेच अडते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. त्यांतले बहुतेक कोहळी समाजाच्या जाणकारांनी बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी (इकडची जमीनदारी) गेली आणि तलाव सरकारचे झाले. निस्तार पत्रकात (गावाच्या सामाईक हक्कांच्या नोंदीत) गावाचे हक्क राहिले, पण पाळ (तलावाचा मातीचा बांध) नीट करणे आणि पाट काढणे कोणाचे काम, हे कोणालाच ठाम सांगता येईना. आज १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत, त्यावरचे राज्याकडे आणि काही वनहद्दीत. मासेमारीचा ठेका वेगळ्या टेबलावर ठरतो. बुडीत क्षेत्रातल्या अतिक्रमणाची फाईल तहसीलमध्ये असते.

आता वेळापत्रक पाहा. तलावाचा तळ उघडा पडतो एप्रिलमध्ये. मृग लागेपर्यंत खोदकामाला फार तर सात-आठ आठवडे मिळतात. आपले आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चला संपते. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि निविदा यांत हिवाळा निघून जातो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निधी संपवण्याची घाई सुरू होते. त्या वेळी तलावात पाणी असते. म्हणून पैसा जिथे पाणी आड येत नाही अशा कामांवर जातो: सांडव्याचे काँक्रीट, पाळीवरचा रस्ता, घाटाच्या पायऱ्या. गाळ तसाच राहतो. खरे तर जिल्हा परिषदेला या निधीच्या खर्चासाठी त्यापुढच्या आर्थिक वर्षाच्या मार्चपर्यंत मुदत मिळते. त्यामुळे डिसेंबरअखेर मान्यता आणि मार्चअखेर कार्यादेश हे आजच्या नियमांतही जमण्यासारखे आहे. फक्त तलावांची यादी बैठकीच्या आधी मोजमापासह तयार हवी. ते मोजमाप दिवाळीनंतर लगेच सुरू करावे लागते.

मोजायचे काय? बुडीत क्षेत्राची हद्द भूमी अभिलेखकडून, येवा (तलावात येणारे पाणी) आणणारे नाले आणि त्यांवरच्या रस्त्यांच्या मोऱ्या, सांडव्याची मूळ पातळी आणि गाळाची जाडी. जाडीसाठी दर २५ मीटरवर सळई ठोकून पाहिली तरी पुरते, पण खालचा घट्ट थर कुठे लागतो त्याची नोंद प्रत्येक ठिकाणी हवी. सगळ्यांत जास्त नुकसान इथे होते. पोकलेन गाळ संपल्यावर थांबत नाही, कारण देयक घनमीटरवर निघते. पाणी धरून ठेवणारा चिकण मातीचा थर फुटला की खालच्या मुरमातून पाणी झिरपते आणि 'खोलीकरण' झालेला तलाव जानेवारीतच कोरडा पडतो. पाळीच्या पायथ्याशी खड्डा घेतला की भर पावसात पाळ खचते. म्हणून अंदाजपत्रकात घनमीटरसोबत प्रत्येक पट्ट्यात किती खोल जायचे आणि पाळीपासून किती अंतर सोडायचे, हे लिहिलेले असावे. देयक काढण्यापूर्वी तळाच्या पातळ्या पुन्हा घ्याव्यात.

एक हिशेब मांडतो. दहा हेक्टर तळातून सरासरी अर्धा मीटर गाळ काढला तर ५०,००० घनमीटर, म्हणजे ५ कोटी लिटर जास्तीची साठवण होते. बाष्पीभवन आणि झिरप्यात एक तृतीयांश गेले असे धरले तरी ३३,००० घनमीटर उरते. सप्टेंबरात पाऊस दडी मारतो आणि धान गर्भात असतो, तेव्हा साडेसात सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायला हेक्टरी ७५० घनमीटर लागते. म्हणजे सुमारे ४४ हेक्टर धान वाचतो. निघालेला गाळ १० सेंटिमीटर थराने पसरला तर सव्वाशे एकरांच्या आसपास पुरतो. मात्र तो साडेसतरा हजार ब्रासहून जास्त भरतो, आणि खर्च खोदण्यापेक्षा वाहतुकीत होतो. कोणत्या बांध्यांत (धानाच्या खाचरांत) किती गाळ जाणार याची शेतकऱ्यांच्या सहीची यादी आधी नसेल, तर ढीग पाळीलगत पडतात आणि पहिल्याच पावसात परत तलावात उतरतात.

दुसरी गोष्ट साखळीची. हे तलाव सुटे नाहीत. वरच्याचा सांडवा खालच्याला भरतो. यादी मात्र मतदारसंघ आणि ग्रामपंचायत पाहून होते. खालचा तलाव दुरुस्त झाला आणि वरची पाळ कमजोर राहिली, तर वरचा फुटल्यावर खालच्याचाही पैसा वाहून जातो. मान्यता एकेका तलावाला न देता पूर्ण साखळीला, वरून खाली अशा क्रमाने द्यावी. नाल्यावर उंच बसवलेल्या मोऱ्या आणि बुडितात शेती करणाऱ्यांनी फोडून खाली आणलेले सांडवे यांचा बंदोबस्त त्याच कामात व्हावा. येवाच अडलेला असेल तर गाळ काढून काय साधणार?

बेशरमची झुडपे मुळासकट काढावी लागतात. नुसती छाटली किंवा तोडून पाण्यात टाकली तर कांड्यांतून पुन्हा फुटतात. तुडुमाची (तलावातून पाणी सोडायच्या दाराची) झडप गंजलेली असेल तर पाणी पाटात जायच्या आधीच वाहून जाते. तिचा खर्च किरकोळ, पण अंदाजपत्रकात ती बहुधा नसतेच.

पाणी वापराचा नियमही आराखड्यातच हवा. उन्हाळी धानाच्या एका हेक्टरला लागणारे पाणी हरभऱ्याच्या चार-पाच हेक्टरांना पुरते. सगळे पाणी उन्हाळी धानाला सोडले की ढिवर बांधवांची मासेमारी बुडते आणि गुरांना पाणी राहत नाही. तळातले किमान एक चतुर्थांश पाणी सोडायचे नाही, असा ग्रामसभेचा ठराव मासेमारी संस्थेच्या संमतीने आधी व्हावा आणि मगच निधी मिळावा, असे आम्हाला वाटते.

गोसीखुर्द या मोठ्या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता आणि २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. तो पूर्ण व्हायलाच हवा. पण सिंचनाचा अनुशेष (मागे राहिलेली तूट) मोजताना नव्या प्रकल्पाची क्षमता लगेच डोळ्यांत भरते आणि जुन्या तलावात गाळाखाली गेलेली क्षमता कुठेच दिसत नाही. विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, त्यामुळे हा हिशेब मांडायला हक्काची जागाही उरली नाही. निदान जिल्हा नियोजन समितीने तरी प्रत्येक तालुक्याची 'मूळ सिंचन क्षेत्र, आजचे क्षेत्र, गाळाची जाडी' अशी तीन रकान्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. येत्या आराखड्यात तलावांसाठी स्वतंत्र रक्कम धरताना तिचा ठराविक भाग दरवर्षीच्या देखभालीसाठी राखून ठेवावा. मे महिन्यात पाळीवरची बिळे बुजवणे, पाट काढणे आणि झडपेला ग्रीस लावणे, एवढेच काम या भागातून करायचे आहे.

आपले,
लघुसिंचनाच्या कामातील काही वाचक
साकोली, जि. भंडारा