डर्बीच्या काकूंना, आईकडून आणि माझ्याकडून मनापासून थँक्यू

काकू, नमस्कार,

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहितेय, आता वाचावंच लागेल. आणि इंग्लंडात आईवडिलांना बोलावणाऱ्या बाकीच्यांनाही कळू दे की मे महिन्यातला तो केडलस्टन हॉल आणि कॅल्क ॲबी या डर्बीजवळच्या दोन जुन्या वाड्यांचा दिवस तुमच्यामुळे कसा झाला.

आईचे गुडघे माहितीयत तुम्हाला. आधी आम्ही एक बस टूर केली होती, त्यात दोन तासांत सगळं उरका असा प्रकार, ती बिचारी निम्मा वेळ बसमध्येच बसून राहिली आणि नंतर म्हणाली, मला कुठे नेऊ नका आता, मी घरीच बरी. तुम्ही ते ऐकलंत आणि स्वतःची गाडी काढलीत, धपाट्यांचा डबा, चहाचा थर्मॉस, फोल्डिंग खुर्ची सगळं घेऊन.

केडलस्टनला तुम्ही तिला आधी वरच्या भव्य मार्बल हॉलकडे नाही नेलंत, सरळ खालच्या मजल्यावरच्या ईस्टर्न म्युझियमकडे, म्हणजे पूर्वेकडच्या देशांतल्या वस्तूंच्या संग्रहाकडे नेलंत, हे मला फार आवडलं. हे वाडे बघायला जातो तेव्हा आपण नुसते "वा, केवढं मोठं" करत फिरतो. तुम्ही गाडीतच आईला सांगितलंत की हे त्याच कर्झनचं घर, १८९९ ते १९०५ व्हाइसरॉय असलेला, वंगभंग करणारा, आणि १९०४ चा जुन्या वास्तू जपायचा कायदाही त्याच्याच काळातला. कलकत्त्याचं राजभवन याच घराच्या नकाशावरून बेतलेलं, आणि तेही तो तिथे व्हाइसरॉय म्हणून जायच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी! समोरचं ते हिरवंगार पार्क करायला तिथलं अख्खं गाव हलवलं होतं, उरलं ते फक्त जुनं चर्च, हेही तुम्हीच सांगितलंत. तुम्ही त्या घराचं कौतुक पण केलंत आणि काही लपवलं पण नाहीत.

आणि मग तो मोराच्या पिसांच्या नक्षीचा ड्रेस. १९०३ च्या दिल्ली दरबारासाठी लेडी कर्झनने घातलेला, कापडावर भरतकाम आपल्याकडच्या कारागिरांनी केलेलं आणि शिवला पॅरिसला वर्थ या फॅशन हाऊसकडे. आई येवल्याची, लहानपणी माहेरी मागाजवळ बसून कांड्या भरलेली बाई. ती काचेसमोर वाकून हात पाठीमागे बांधून इतका वेळ बघत राहिली की मलाच घाई सुटली, तर तुम्ही हळूच माझा हात धरून थांबवलंत. मग ती म्हणाली, "जर काळी पडलीय गं, पण ही विणलेली नाही, वरून टाके घालून बसवलीय, बघ कडेला दोरा दिसतोय." पिसांच्या मधले हिरवे ठिपके तिला पाचू वाटले, तुम्ही सांगितलंत की ते भुंगेऱ्याचे पंख आहेत, त्यावर ती अजूनच खूश. मग तुम्ही तिथल्या व्हॉलंटियर आजोबांना बोलावलंत आणि आईचं एकेक वाक्य त्यांना इंग्लिशमध्ये सांगत गेलात, ते प्रश्न विचारतायत, आई उत्तर देतेय, आजूबाजूची चार माणसं ऐकत उभी. माझी आई तिथे बघायला आलेली पाहुणी राहिलीच नाही, जाणकार झाली. यासाठी तुमचे आभार कसे मानू ते खरंच कळत नाहीये.

नंतर वर जाऊन अलाबास्टरचे ते २० खांब पण बघितले, एकेका पायरीवर थांबत. छानच आहेत, पण आईचं मन खालीच होतं.

कॅल्क ॲबी मला जास्त आवडलं. नॅशनल ट्रस्टने, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या इथल्या संस्थेने, १९८५ मध्ये ताब्यात घेतलं तेव्हा जसं होतं तसंच ठेवलेलं, पोपडे आलेल्या भिंती, पेंढा भरलेले पक्षी, सामानाने गच्च खोल्या, वीज आली तीच १९६२ ला. खुर्च्यांवर कुणी बसू नये म्हणून पाइनचे कोन ठेवलेले बघून आई म्हणाली, पाटी लावून ओरडण्यापेक्षा हे किती चांगलं. आणि बागेतलं ते ऑरिक्युला थिएटर, लाकडी फळ्यांवर चढत्या ओळीत मांडलेल्या फुलांच्या कुंड्या, ते बघून तर ती गौरींच्या आराशीच्या पायऱ्याच समजली, आणि तुम्ही फोल्डिंग खुर्ची तिथेच मांडून दिलीत, मग कितीतरी वेळ तुम्हा दोघींचं कुठल्या फुलाला किती पाणी हेच चाललं होतं.

आता येवल्यात जो भेटेल त्याला ती ड्रेसचं वर्णन ऐकवतेय. माहेरच्या मागावर तिने तुमचं नाव सांगून ठेवलंय, विणताना बसून बघायचं, घाई कुणी करणार नाही. डिसेंबरमध्ये भारतात येताय ना, तर नाशिकहून टॅक्सी वगैरे अजिबात करू नका, मनमाडला उतरा, दादा गाडी घेऊन येईल, फक्त ट्रेनची वेळ कळवा.

तुमची,
येवल्याची लेक, सध्या मुक्काम नॉटिंगहॅम