मशीन कोरडं चालवू नका

नाशिक, २४ मे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलताना मागे अंगणात होडीच्या मशीनचा आवाज येत होता. पाण्यात ठेवलंय का विचारलं, तर बाबा म्हणाले, "अर्धा मिनिट तर चालवायचंय, पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीआधी बघून घेतो." तेव्हापासून तो आवाज डोक्यातून जात नाही. फोनवर सांगितलं तर तुम्ही "बरं बरं" म्हणता, म्हणून लिहितोय.

बाबा, मशीन थंड ठेवणारा पाण्याचा पंप त्या अर्ध्या मिनिटातच जातो. खाली पंपाच्या वाटीत रबरी इंपेलर असतो ना, तो मधोमध नसतो, जरा एका अंगाला बसवलेला असतो. फिरताना त्याची पाती एकीकडे दुमडतात, दुसरीकडे उघडतात आणि त्यातूनच पाणी वर चढतं. पाती वाटीला सारखी घासत असतात आणि त्यांना वंगण म्हणून दुसरं काही नाही, तेच पाणी. ते नसलं की रबर तापून जळतं, तुकडे पडतात.

गेल्या पावसाळ्याआधी आमच्याकडे एका बचाव बोटीचं मशीन दुरुस्तीला आलं. कुणीतरी स्टँडवर कोरडंच चालवून पाहिलं होतं. उघडलं तर पाच पाती जागेवर, सहावं गायब. नवा इंपेलर टाकून भागलं नाही. तो तुकडा पाण्याच्या वाटेत राहिला असता तर मशीन पुन्हा तापलं असतं. शोधायला दीड दिवस गेला, थर्मोस्टॅटपाशी, म्हणजे पाणी तापलं की वाट उघडणाऱ्या झडपेपाशी, सापडला. इथे गोदावरीला पूर आला की लोक नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते बघतात. त्या पाण्यात ती बोट माणसांना आणायला उतरणार होती. तुकडा हातात आला तेव्हा मला तुमचीच होडी आठवली. बाबा, तुम्ही तर एकटेच जाता.

मी येऊन बघितल्यावर पुढे मशीन लावाल तेव्हा पाण्याच्या पिंपातच लावा. पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर पाहिजे. पाणी आत घेणाऱ्या जाळीपुरतं नको, मशीन सुरू झालं की पाणी उसळून खाली जातं. गिअर न्यूट्रल, रेस कमी, पाच-दहा मिनिटं पुरे. गोडं पाणी असलं तर आतलं मीठही निघेल. मी दिलेले रबरी कप वापरलेत तर ते दोन्ही जाळ्यांवर नीट बसवून आधी नळ सोडा, मग दोरी ओढा. बंद करताना आधी मशीन, मग नळ.

आई, तू समोर उभी राहा. मागच्या भोकातून पाण्याची धार आली पाहिजे. लगेच आली नाही, किंवा मध्येच बारीक झाली, तर बाबांना काही विचारू नकोस, बंद करायलाच लाव.

जूनच्या पहिल्या शनिवारी येतोय. इंपेलर, गॅस्केट आणि चावी घेऊन येईन, परवाच्या अर्ध्या मिनिटाने काय झालंय ते उघडूनच कळेल. तोवर मशीन लावू नका, खालचा भाग खोलूही नका. आणि मशीनचं वरचं चाक हाताने उलटं फिरवायची सवय सोडा बाबा, पाती उलटी मुडपतात.

गोठ्यामागचं निळं पिंप गळत नाही ना, तेवढं बघून ठेवा.

तुमचा,
बाळू