जुनी नोंद न विचारता बदलणारे फॉर्म आता बंद करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावातली वाचनालयं, पतसंस्था, शाळांची ऑफिसं, अशा बऱ्याच ठिकाणी अजून मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवरच कारभार चालतो. 1992 मध्ये आलेलं हे डेटाबेसचं, म्हणजे नोंदी साठवायचं सॉफ्टवेअर, गावातलाच एखादा पोरगा त्यात प्रोग्राम करून देतो, एकदा बसलं की वर्षानुवर्षं चालतं, त्यामुळे त्याला नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाहीये. माझं म्हणणं फक्त जुन्या नोंदी दुरुस्त करायच्या फॉर्मबद्दल आहे.

ॲक्सेसच्या विझार्डने, म्हणजे त्यातल्या तयार सोयीने फॉर्म बनवला की तो थेट टेबलला, म्हणजे नोंदी जिथे साठतात त्या तक्त्याला जोडलेला, म्हणजे बाउंड असतो. पुढच्या रेकॉर्डवर गेलात किंवा फॉर्म बंद केलात की बदल टेबलात गेलाच, सेव्ह दाबावं लागत नाही आणि "खरंच बदलायचंय का" असं कुणी विचारतही नाही. आमच्या इथल्या एका वाचनालयात काउंटरवरच्या ताईंना एक सभासद शोधायचा होता, समोर फॉर्म उघडाच होता, त्यांनी नावाच्या रकान्यात त्याचं नाव टाइप केलं, काही सापडेना म्हणून पुढचं रेकॉर्ड बघितलं, झालं! आधी स्क्रीनवर जो सभासद होता त्याचं नावच बदललं, अनामत आणि नंबर मात्र त्याचाच राहिला. पुढे तो माणूस पुस्तक परत करायला आला तर त्याचं नाव सापडेना, आणि बोलणी कुणी खाल्ली तर ताईंनी. हे मला अजिबात पटत नाही. एस्केप दाबलं असतं तर बदल रद्द झाला असता, पण डाव्या पट्टीत जी बारीकशी पेन्सिल दिसते तिचा अर्थ त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

यावर उपाय म्हणजे अनबाउंड, टेबलला न जोडलेला फॉर्म. त्याचा रेकॉर्ड सोर्स, म्हणजे माहिती कुठून घ्यायची ती सेटिंग, रिकामा ठेवायचा, नोंद कोडने वाचून रकान्यांत भरायची, मग स्क्रीनवर काहीही टाइप झालं तरी टेबलाला धक्का लागत नाही. सेव्ह दाबलं की आधी तपासणी, मग जुनं आणि नवं शेजारी दाखवून विचारणा, मग अपडेट क्वेरी, म्हणजे टेबलातली नोंद बदलायचा आदेश, आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील नाहीतर एकही नाही अशा बेताने, कुणी कधी काय बदललं त्याची एक ओळ वेगळ्या टेबलात. रजिस्टरात खाडाखोड केली की बाजूला सही लागायचीच ना, मग कॉम्प्युटर आला म्हणून ती शिस्त का सोडायची?

काही प्रोग्रामर म्हणतील की बाउंड फॉर्मच्या बिफोर अपडेटमध्येही, म्हणजे बदल टेबलात जाण्याआधी चालणाऱ्या कोडमध्येही, प्रश्न विचारता येतो. येतो, पण प्रत्येक रेकॉर्डला तोच प्रश्न आला की माणूस न वाचता येस दाबतो. नवीन नोंदीला बाउंड फॉर्म खुशाल ठेवा, जुनी नोंद बदलायला नको.

पण अनबाउंड करायचं तर नीट करा, अर्धवट केलेलं जास्त घातक. तारीख नुसती क्वेरीच्या मजकुरात चिकटवली तर ॲक्सेस ती अमेरिकन पद्धतीने वाचतं, 05/04/2024 लिहिलं की 5 एप्रिलचं 4 मे होतं, आणि गंमत म्हणजे 13/04/2024 बरोबर जातं कारण तेरावा महिनाच नाही, त्यामुळे चूक लवकर लक्षातच येत नाही. इंग्रजीत डिसोझा आडनाव ॲपॉस्ट्रॉफी घालून लिहिलं तर तीच क्वेरी मोडते, वसई-गोव्याकडे हे रोजचं आहे. म्हणून रकान्यांतली माहिती मजकुरात न चिकटवता पॅरामीटरने, म्हणजे क्वेरीला वेगळीच द्यायची. दोघांनी एकच नोंद उघडून बदलली तर बाउंड फॉर्म निदान इशारा तरी देतो, अनबाउंडमध्ये ते आपल्यालाच करावं लागतं, उघडताना रकान्यांत जे होतं ते अपडेटच्या अटीत घालायचं आणि एकही ओळ बदलली नाही तर वापरणाऱ्याला सांगायचं की मधे दुसऱ्या कुणीतरी नोंद बदलली आहे. काम वाढतं हे खरं, त्याचे जास्तीचे पैसे संस्थेने द्यावेत, उगाच घासाघीस करू नये.

संस्थाचालकांना विनंती एवढीच, प्रोग्रामरचं बिल पास करण्याआधी डेटाबेसची कॉपी घ्या, त्यात एखादी जुनी नोंद उघडून नावातलं एक अक्षर बदला आणि सेव्ह न करता पुढच्या रेकॉर्डवर जा. परत आल्यावर ते अक्षर बदललेलं दिसलं तर तो फॉर्म दुरुस्त करून घ्या, तोवर बिल थांबवा.

आपला,
एक वाचक, सातारा